जाड तेल आणि चुगलखोर डबा

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.

वहीबाई, माफ कर. लिहायला फारच उशीर झाला. शेवटची नोंद सात नोव्हेंबरची, तीही एवढीच: ‘उद्यापासून रोज.’ मधल्या काळात चष्मा सापडत नव्हता. चष्मा सापडला तेव्हा पेन नव्हतं. दोन्ही सापडली तेव्हा लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं, कारण लेक मला गॅरेजमध्ये काही घडवूच देत नव्हती.

आज घडलं. लेक अकरा दिवसांच्या कोर्सला गेली. गाड्यांमधल्या इलेक्ट्रॉनिक डब्यांचा कोर्स. तीन वर्षं गॅरेज चालवते आहे, आणि अजून शिकतेच आहे. मी पहिल्या वर्षात सगळं शिकून मोकळा झालो होतो.

जाताना म्हणाली, बाबा, चौदा तारखेला येते. तोवर फोन घ्या, कुणी आलं तर वहीत लिहा, आणि गाड्यांना हात लावू नका. थोडक्यात, गॅरेज माझ्यावर सोपवलं.

दुसरं एक म्हणाली. खिडकीजवळचं टेबल. माझं टेबल, चौतीस वर्षांचं, ज्याच्या कडेला माझ्या कोपराचा खड्डा पडलाय. तिथे तिला तपासणीचं नवं मशीन ठेवायचंय. म्हणाली, आल्यावर ठरवू. ‘ठरवू’ म्हणाली, ‘काढू’ नाही. म्हणजे अकरा दिवस आहेत. अकरा दिवसांत दाखवून देतो की या टेबलावरचा माणूस अजून चालू आहे.

संकल्प: रोज सातला गॅरेज उघडणे. चिडायचं नाही. रोज लिहिणे.

ही वही गॅरेजच्या जुन्या जॉब रजिस्टरपैकी उरलेली. तारीख, गाडी, किलोमीटर, काम, असे रकाने आहेत. माझ्या उस्तादाची शिकवण: आधी किलोमीटर लिहा, मग पान्याला हात लावा. ती मी एक दिवसही मोडलेली नाही. बाकीच्या त्याच्या शिकवणी आता आठवत नाहीत.


४ मार्च, मंगळवार. सकाळी १०.

गॅरेज साडेआठला उघडलं. कुलूप घट्ट झालंय.

नर्सबाईंची गाडी उभी आहे. या बाई घरोघरी जाऊन जखमा बांधतात, इंजेक्शनं देतात. दिवसाला चौदा-पंधरा घरं. लेकीने जाण्याआधी ब्रेक पॅड बदलले, ऑइल बदललं, गाडी तयार. बाई अकराला नेणार.

फक्त जागेवर हलवायची म्हणून चालू केली. यात हात लावणं येत नाही, किल्ली लावणं येतं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनच्या झाकणावर, मूठ कानामागच्या हाडावर. हा माझा स्कॅनर, चौतीस वर्षांत एकदाही चार्ज करावा लागला नाही. ऐकतो तर काय, टिक टिक टिक टिक. टॅपेट! व्हॉल्व्ह दाबणारे खटके, ढिले झाले की असेच वाजतात. ढळढळीत टॅपेट. एवढी कोर्सला जाणारी पोरगी आणि तिला टॅपेट ऐकू येत नाहीत!

डिपस्टिक ओढली. ऑइल म्हणजे निव्वळ पाणी. थेंब बोटावर ठरतच नाही. आजारी माणसाला द्यायच्या पेजेत जास्त जीव असतो. म्हटलं, आवाज येणारच.

गाडी: नर्सबाई. किलोमीटर: ६१,२०४. काम: पातळ ऑइल काढलं, आपलं जाड ऑइल भरलं, चार लिटर.

पुन्हा चालू केली. आता स्क्रूड्रायव्हर लावायचीही गरज पडली नाही. नुसता शेजारी उभा राहिलो. एकदम शांत. टिकटिकीचा मागमूस नाही.

हा हात अजून गेलेला नाही.


५ मार्च, बुधवार. दुपारी ४.

भोंगा चहाला आला. भोंगा म्हणजे आपला टॅक्सीवाला, जुन्या गाडीचा, मोठ्या आवाजाचा. हल्लीच्या जगात तोच एक माणूस स्पष्ट बोलतो. बाकी सगळे पुटपुटतात. बायको पुटपुटते, गिऱ्हाइकं पुटपुटतात, गॅरेजचा फोन तर वाजतसुद्धा पुटपुटत.

त्याला नर्सबाईंच्या इंजिनची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, उस्ताद, तुम्ही आहात म्हणून जग चाललंय. मी म्हटलं, तसं काही नाही. पण आहे तसंच.

मग त्याला या नव्या इंजिनांचं सांगितलं. आमच्या वेळी कॅमशाफ्ट म्हणजे लोखंडाचा दांडा. त्याच्यावर उंचवटे. उंचवटा फिरत आला की व्हॉल्व्ह उघडला, गेला की मिटला. उन्हाळा असो, चढ असो, कलेक्टर बसलेला असो, वेळ एकच. माणसाने शब्द द्यावा तसा. आता काय, तर व्हॉल्व्ह कधी उघडायचा हे डबा ठरवणार! चढावर वेगळं, सिग्नलला वेगळं, सपाटीला वेगळं. लेक मागे जेवताना म्हणाली होती, बाबा, तुम्ही जिना चढताना वेगळा श्वास घेता आणि खुर्चीत वेगळा, इंजिनचंही तसंच. मी म्हटलं, मी जिना चढतो तेव्हा मला कोणी कॉम्प्युटर लावत नाही. ही पलीकडून काहीतरी बोलली आणि दोघी हसल्या. काय बोलली ते कळलं नाही. पुटपुटली.

भोंगा म्हणाला, ज्याचं घड्याळ रोज बदलतं त्याच्यावर भरवसा काय ठेवायचा. म्हणूनच मला तो आवडतो. शाळा माझ्याहून कमी शिकलाय, पण विचार पक्का.


७ मार्च, शुक्रवार. सकाळी ११.

कालची नोंद राहिली. काल काही घडलं नाही. म्हणजे गॅरेज उघडल्यावर. उघडलं बाराला.

आज नर्सबाई आल्या. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागलाय, इंजिनच्या चित्राचा. सकाळी गार असताना सिग्नलला गाडी थरथरते म्हणाल्या. मी म्हटलं, गार असताना मीसुद्धा थरथरतो. त्या हसल्या नाहीत. घड्याळ पाहिलं.

किलोमीटर: ६१,२७३.

लेकीची पाटी, म्हणजे स्कॅनर, टेबलावर आहे. जाण्याआधी तिने चार वेळा सांगितलं होतं की दिवा लागलेली गाडी आली तर पाटी लावून नंबर मला पाठवा. लावली. नंबर आला: पी शून्य शून्य अकरा. हे निदान! डॉक्टरकडे जावं आणि त्याने म्हणावं, तुम्हाला अकरा झालाय.

पाठवला नाही. कशाला तिच्या कोर्समध्ये व्यत्यय. बॅटरीची एक तार काढली, एक कप चहा घेतला, तार लावली. दिवा गायब. डब्याची वाचा बसली.

काम: दिवा दुरुस्त.

बाई म्हणाल्या, काका, पण झालं काय होतं? मी म्हटलं, डब्याला सवय असते, लक्ष वेधून घ्यायची. त्या म्हणाल्या, आणि माझी रेडिओची सगळी स्टेशनं गेली ती? मी म्हटलं, तुम्ही जखमा बांधता, पेशंट विचारतो का केस का कापले म्हणून? त्या म्हणाल्या, विचारतो. आणि गेल्या.


८ मार्च, शनिवार. दुपारी ४.

लेकीचा फोन. लाइन अत्यंत खराब. तिकडे कोर्सच्या जागी काय भिंती आहेत कोण जाणे. मी ‘हो हो, सगळं ठीक’ म्हणून ठेवला. ही म्हणाली, अहो, तिने विचारलं होतं तुमच्याकडे किती गाड्या आल्या, आणि तुम्ही ‘सगळं ठीक’ सांगितलंत. मी म्हटलं, उत्तर चूक आहे का?

मग लेकीने मेसेज पाठवला. हिने मोठ्याने वाचला. शेजारच्यांनाही ऐकू गेला असेल, हिला आवाजावर ताबा नाही.

मेसेज असा. बाबा, आज तुमच्या आवडीच्या विषयावर झालं. क्रँकवर एक सेन्सर असतो, कॅमवर एक. डबा दोघांकडून ऐकतो आणि दोघांत किती अंतर आहे ते सारखं मोजत राहतो. मग व्हॉल्व्ह आता जरा लवकर उघडायला हवा की उशिरा, ते ठरवतो आणि एका छोट्या नळाला वीज देतो. नळ उघडला की इंजिनचंच ऑइल कॅमच्या चाकाच्या आतल्या कप्प्यात शिरतं आणि कॅमला थोडं पुढे ढकलतं. दुसऱ्या बाजूने शिरलं की मागे. डबा पुन्हा मोजतो: सांगितलं तेवढं सरकलं का? नसेल, तर दिवा लावतो. गंमत म्हणजे सगळं अंगमेहनतीचं काम ऑइल करतं. म्हणून त्या गाड्यांत पातळच ऑइल लागतं. जाड असेल तर त्या बारीक वाटांमधून वेळेवर पोचत नाही.

ही चष्म्यावरून बघत राहिली. म्हणाली, तुम्ही एकदम गप्प का झालात?

मी गप्प झालो नाही. घास तोंडात होता.

हा सगळा पातळ ऑइल खपवायचा धंदा आहे. इंजिनचं ऑइल इंजिनला माखण्यासाठी असतं. त्याने कॅम ढकलायचा, उद्या म्हणतील त्यानेच काच पुसायची.

दुपारी जरा पडलो. झोप लागली नाही. पंख्याने.


१० मार्च, सोमवार. सकाळी १०.

दिवा पुन्हा. किलोमीटर: ६१,३५८. बाई आज काका म्हणाल्या नाहीत. नुसतं ‘हे बघा’ म्हणाल्या.

वास्तविक मनात एकदा आलं होतं की ऑइल पुन्हा बदलून टाकावं. पातळचा एक डबा मागे आहे. पण चौतीस वर्षांत मी स्वतः घातलेलं ऑइल सहा दिवसांत स्वतः काढलेलं नाही. लोक काय म्हणतील? लोक म्हणजे भोंगा.

तेव्हा मुळावर घाव. तो नळच शोधला. कॅमच्या टोकाशी, अंगठ्याएवढा, वर प्लगची टोपी. प्लग काढून बाजूला बांधून ठेवला. आता डबा बोलेल आणि ऐकणारं कोणी नाही. संसारात याहून चांगला उपाय नाही.

आधी बॅटरीची तार काढून दिवा पुसला होता. गाडी चालू केली. थरथर कमी! सिग्नलला उभी राहावी तशी उभी राहिली. मी बाईंना म्हटलं, बघा, डब्याला बाजूला केल्याबरोबर इंजिन सुधारलं. त्या म्हणाल्या, पण दिवा तर पुन्हा लागला. मी म्हटलं, तो आता दुःखाने.

काम: डबा आणि नळ यांची फारकत.

संकल्प: चौदा तारखेला लेकीसमोर हे सगळं शांतपणे मांडणे. टेबलावर हात ठेवून.


१० मार्च. संध्याकाळी ५.

बाईंचा फोन आला होता म्हणे. हिने घेतला, कारण मला घंटा ऐकू आली नाही. घंटाच बारीक झालीय. सरकारी दवाखान्याच्या चढावर गाडी ओढतच नाही. एक सायकलवाला मागून पुढे गेला आणि जाताना त्याने हातसुद्धा केला.

हिला म्हटलं, सांग त्यांना, सावकाश चालवल्याने जखमा बऱ्या होतात. ही म्हणाली, मी असलं काही सांगणार नाही. आणि म्हणाली, लेकीला कळवा. मी म्हटलं, तुला काय कळतंय इंजिनमधलं? ती म्हणाली, इंजिनमधलं नाही कळत, तुमच्यातलं कळतं. तुम्ही काहीतरी लपवलं की कान खाजवता.

माझा कान नुसताच खाजतो.


११ मार्च, मंगळवार. सकाळी ९.

बाईंनी गाडी आणून लावली, किल्ली टेबलावर ठेवली. या वेळी पुटपुटल्याही नाहीत. बॅग खांद्याला लावून बसस्टॉपवर जाऊन उभ्या राहिल्या. खिडकीतून दिसतो तो स्टॉप. या टेबलाचा एवढा एक तोटा.

बस पाऊण तासाने आली. मी मोजत नव्हतो.

किलोमीटर: ६१,३९७.

आता आरपार. झाकण उघडून टॅपेट सेट करतो. फिलर गेज काढलं, पात्यांना तेल लावलं, हात धुतले. हे काम मी डोळे मिटून करायचो. बारीक पातं टॅपेटच्या फटीत सरकवायचं, स्क्रू फिरवायचा, पातं जरा अडखळलं की बस. भोंग्याची गाडी आठ मिनिटांत होते.


११ मार्च. दुपारी १.

झाकण उघडलं. स्क्रू नाहीत.

आठही पाहिले. मग चष्मा पुसून पाहिले. मग सोळा आहेत हे लक्षात आलं आणि सोळाही पाहिले. एकालाही स्क्रू नाही. फट आपोआप धरणारं काहीतरी आत बसवलंय, तेही ऑइलवरच चालतं. म्हणजे माणसाला करण्यासारखं त्यांनी काही ठेवलेलंच नाही. फिलर गेज हातात धरून मी किती वेळ उभा होतो ठाऊक नाही. पाहुण्यांच्या घरी भेट घेऊन जावं आणि दाराला कुलूप असावं तसा.

मोकळ्या हाताने जायचं नाही म्हणून नळ काढून पाहिला. आतल्या तोंडाशी नखाएवढी जाळी, चहाच्या गाळणीसारखी. तिच्यावर माझं ऑइल साईसारखं बसलेलं. इथे वाट अडत होती तर! वाटेत चाळणी ठेवणाऱ्याच्या अकलेला नमस्कार. काढून टाकली. काढलेला भाग फेकायचा नाही हाही नियम, म्हणून इथेच चिकटपट्टीने चिकटवतोय. खालचा तो तेलाचा डाग तिचाच.

झाकण परत लावताना कडेची रबरी पट्टी, म्हणजे गॅस्केट, तुटली. हल्लीचं रबर.


१२ मार्च, बुधवार. सकाळी ११.

गॅस्केटशिवाय झाकण बसवलं. चालू केली. चारी बाजूंनी ऑइल. बंद केली.

कागदाचं गॅस्केट कापून लावलं. आम्ही कॅलेंडरच्या पानाची गॅस्केटं करून गाड्या घाटापार धाडल्यात. चालू केली. सहा मिनिटं उत्तम. मग ऑइल टेबलापर्यंत आलं.

गाडी आता विश्रांती घेते आहे.

बाई स्टॉपवर होत्या. आज सोबत एक मोठी पिशवीही. त्यांनी इकडे पाहिलं नाही. मी खिडकीला पुठ्ठा लावला. ऊन येत होतं.

हिला बजावलं, लेकीला काहीही कळवायचं नाही. चौदाच्या आत मी उभी करतो. ती म्हणाली, बरं. इतक्या पटकन ‘बरं’ ती चाळीस वर्षांत म्हणालेली नाही.

भोंग्याला बोलावलं. त्याने इंजिनमध्ये वाकून पाहिलं, बराच वेळ. मग म्हणाला, उस्ताद, माझी गाडी बरी आहे ना? आणि गेला. चहासुद्धा घेतला नाही.


१३ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६.

सगळं एकदम लिहितो.

सकाळी सातला गॅरेज उघडायला गेलो (सातला!), तर उघडं. लेक आत. एक दिवस आधी. बॅग अजून खांद्यावर. खिडकीचा पुठ्ठा तिने काढलेला.

तिने एकच विचारलं, बाबा, काय काय केलंत? मी म्हटलं, विशेष काही नाही. दिवा लागला होता, दोनदा पुसला. ऑइलला हात लावला नाही. हे शेवटचं तिने विचारलंही नव्हतं. का बोललो कोण जाणे.

तिने गॅस्केट आणलंच होतं सोबत. म्हणजे हिने मेसेज केला. चाळीस वर्षं एका घरात राहून माणूस ओळखता येत नाही.

लेकीने पाटी लावली आणि वाचत गेली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. डब्याने सगळं लिहून ठेवलं होतं. दिवा लागला त्या क्षणी इंजिन किती कोमट होतं, वेग किती होता, कॅमला कुठे सरकायला सांगितलं आणि तो कुठे अडून बसला. नळाची तार तुटलेली आहे, असाही एक नंबर. आणि शेवटचं पुसल्यापासून एकोणचाळीस किलोमीटर. एवढासा डबा, तोंडाला कुलूप नाही.

मग तिने हात पुढे केला. म्हणाली, वही द्या. मी म्हटलं, ती खासगी आहे. ती म्हणाली, जॉब रजिस्टर खासगी नसतं, हे तुम्हीच मला शिकवलंय.

दिली. वहीबाई, माझा इलाज नव्हता.

ती माझ्या टेबलाशी, माझ्या खुर्चीवर बसून वाचत होती. कोपर बरोबर खड्ड्यात. मी नर्सबाईंच्या गाडीचा आरसा पुसला. तो स्वच्छ होता. आरशात ती दिसत होती. दोन-तीनदा तिचे खांदे हलले. हसली असावी. एकदा बराच वेळ पान उलटलं नाही. बस तेव्हाच येऊन गेली. त्यात बाई चढल्या.

शेवटी ती उठली, अगदी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, बाबा, एकसष्ट हजार तीनशे अठ्ठावन्नला तुम्ही तार काढली, आज काटा तीनशे सत्त्याण्णववर आहे. एकोणचाळीस. डब्यात आणि तुमच्या वहीत एकच गोष्ट लिहिलीय. तुमच्या वहीत फक्त शिव्या जास्त आहेत.

मग जाळी मागितली. अकरा मार्चच्या पानावरून सोलून काढून दिली. तिने पेट्रोलने धुतली, उजेडात धरून पाहिली, म्हणाली, फेकली नाहीत हे बरं केलंत. नवं गॅस्केट, नळ जागेवर, प्लग जागेवर. माझं जाड ऑइल काढून पाण्याचं ऑइल घातलं. जुनं टबात पडत होतं ते दोघांनी पाहिलं. काळ्या दोरीसारखं.

गाडी चालू झाली. दिवा गेला, तो पाटीने रीतसर पुसून.

मी म्हटलं, दिवा गेला, पण टॅपेट राहिलेत. तुला ऐकू येत नसतील. तिने लांब स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. म्हणाली, लावा. लावला. टिक टिक टिक टिक. म्हटलं, हे बघ! ती इंजिनवर वाकली आणि चारांपैकी एका इंजेक्टरचा प्लग ओढला. एक टिक गेली. इंजिन अडखळलं. प्लग लावला, टिक आली. दुसरा ओढला, दुसरी गेली.

पेट्रोल उडवणारे इंजेक्टर. त्यांचा तो आवाजच असतो. नव्या कोऱ्या गाडीतही असतो. टॅपेट नव्हतेच कधी.

ती काहीतरी बोलली. मी स्क्रूड्रायव्हर हाडाला लावूनच उभा होतो. मग तिने माझ्या हातातून तो काढून घेतला, आणि मला कळलं की स्क्रूड्रायव्हर काढल्यावर ती टिकटिक गेली. भोवतीचं बाकीचंही. ती समोर होती, तोंड हलत होतं.

म्हणजे लाइन खराब होती असं नव्हे. असो.

नंतर हिने सांगितलं (ही चहा घेऊन दाराशी आली होती) की मी स्क्रूड्रायव्हर लावून ऐकत असताना लेक माझ्या मागे उभी राहून तीन वेळा ‘बाबा’ म्हणाली आणि मी वळलो नाही. तिसऱ्यांदा तिचा आवाज फुटला, असंही ही म्हणाली. हिला वाढवून सांगायची सवय आहे.


१४ मार्च, शुक्रवार. सकाळी १०.

घरीच. लेकीने सांगितलंय, सोमवारी कानाच्या डॉक्टरकडे, तोवर गॅरेजला यायचं नाही. ही म्हणते, कानात घालायचं मशीन मिळतं. आपोआप जुळवून घेतं म्हणे. घरात वेगळं, रस्त्यावर वेगळं, गर्दीत वेगळं. आत एक छोटा डबा असतो.

मी म्हटलं, अजिबात नको.

ही म्हणाली, मग आम्ही दोघी ओरडत बसू. आणि ओरडून दाखवलं.


१४ मार्च. दुपारी ४.

नर्सबाई खालून गेल्या. गाडीने. चढ होता, तो चढल्या. हॉर्न दिला असेल. हात मात्र नक्की केला.

मीही केला. खिडकी बंद होती.


१५ मार्च, शनिवार. सकाळी ८.

लेकी, ही नोंद तुला. आता वाचलीच आहेस, तर वहीच्या आडून बोलण्यात अर्थ नाही. हिच्या हातून वही गॅरेजला पाठवतोय. सत्तावीस पानं कोरी आहेत, ती गॅरेजची.

परवा जाताना तू म्हणालीस, की गाडी आली की किलोमीटर आणि तक्रार लिहून घ्यायला माणूस हवाय, आणि तुमच्यासारखे किलोमीटर कोणी लिहीत नाही. हे हिने मला नंतर सांगितलं, तेव्हा मी म्हटलं, मी कारकून नाही. ते काढून टाक. तो भाग मी रागात बोललो होतो.

मशीनला जागा लागणारच. टेबल काढ. पण काढताना डावा पाय आधी सैल कर, तो मी एकदा उलटा बसवलाय. आणि फळी फेकू नकोस. लिहायला कुठलीही फळी चालते, कोपराला तीच लागते.

नर्सबाईंना काही सांगायचं असेल तर काय सांगायचं ते मला सुचत नाही. तूच सांग. ऑइल मी बदललं होतं हे त्यांना सांगितलंस तरी चालेल.

माझी बसायची जागा कुठे ठरली ते लवकर कळव. स्टॉप दिसला नाही तरी चालेल. आजच कळव. फोन करू नकोस, फोनवर मला ऐकू येत नाही. चिठ्ठी पाठव.